लाल पेटीत एकही नर नव्हता

निकम सर, शेवटी मी कुपवाडला आले. तुम्हाला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

सांगलीतल्या माझ्या घरापासून तुमच्या दारापर्यंत स्कूटरवर वीस मिनिटं लागली. कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती, रस्ता दुचाक्यांनी भरला होता, तरीही वीसच. तीन वर्षं तुम्ही तिथे मुलाकडे, सुहासकडे, राहत होतात आणि मी एकदाही आले नाही. वत्सलाकाकूंनी दार उघडलं. "या मॅडम, बसा," म्हणाल्या. सुतकाचं घर, चहा शेजारणीने आणून दिला. इतके दिवस का आला नाहीत, असं काकूंनी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, पण बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं नाही. "लांबनं आलासा का?" एवढंच विचारलं, आणि मला "नाही, इथूनच" असं सांगावं लागलं.

जे तुम्हाला सांगायचं होतं ते आता असं कागदावर सांगते आहे. याचा तुम्हाला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आलात ते सायकलवरून, कॅरियरला ड्रॉइंग बोर्ड बांधून. कराडच्या कॉलेजात मी तेव्हा नवी होते. भुंगेऱ्यांवर पीएच.डी. चालली होती, आणि आमच्या कॅमेऱ्यात भुंगेऱ्याचा एक पाय स्पष्ट आला की दुसरा धुरकट व्हायचा. चित्रं काढून देणारं कुणीतरी हवं होतं. गावातल्या हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर फार बारीक काम करतात, असं कुणीतरी सांगितलं. मी तुम्हाला परीक्षा म्हणून शेणातला एक साधा भुंगेरा दिला. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात आणि अर्धा तास पेन्सिलच उचलली नाहीत. मला वाटलं, जमत नाही वाटतं यांना.

मग तुम्ही मान वर केलीत. "मॅडम, ह्या फुडच्या पायाला चार दात हायत, त्या पायाला तीन. मोडलाय, का असाच हाय?"

मोडला होता. तो नमुना माझ्याकडे दोन वर्षं होता आणि मला ते माहीत नव्हतं.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की तुम्ही यायचात. शाळेत तुम्ही अगदी पुस्तकी बोलायचात म्हणे. आमच्याकडे आलात की तुमच्या गावचं बोलायचात, आणि ते मला आवडायचं, कारण मीही खेड्यातली, फक्त ते लपवत होते.

लाल पेटीची गोष्ट त्याच वर्षातली. पाटणच्या वरच्या रानातून मी जाळीदार पंखांचे लाल भुंगेरे आणले होते. मऊ अंगाचे, चपटे, लालभडक, शेपटाकडे काळे. चाळीसच्या वर असतील. सगळे एकाच पेटीत, एका नावाखाली टाचले होते. तुम्ही त्यांतला एकच काढायचा होता. तुम्ही विचारलंत, "ह्यातला कुठला?" मी म्हटलं, कुठलाही, सगळे एकच आहेत. तुम्ही दोन शनिवार काहीच काढलं नाहीत. तिसऱ्या शनिवारी सात टाचण्या वेगळ्या करून माझ्यासमोर ठेवल्यात.

"हे सात पाहुणे हायत," म्हणालात. "पंखावर चार उभ्या शिरा हायत न्हवं? ह्या सातांची तिसरी शीर खालपर्यंत जाते. बाकी समद्यांची अर्ध्यातच संपते."

मी पाहिलं. शीर खरोखरच वेगळी होती. ते सात दुसऱ्याच जातीचे होते, आणि मला ते दिसले नव्हते, कारण लाल रंग पाहिला की माझं पाहणं तिथेच थांबत होतं.

मग मी तुम्हाला शिकवलं. केवढ्या रुबाबात शिकवलं! हा लाल रंग म्हणजे ताकीद असते, सर. मी कडू आहे, मला खाऊ नका, असं तो पक्ष्यांना सांगतो. पक्षी एकदा तोंड भाजून घेतो आणि पुन्हा लालच्या वाटेला जात नाही. म्हणून एकमेकांशी फारसं नातं नसलेले कितीतरी भुंगेरे तोच रंग घालतात. पक्ष्याला एकच धडा, फायदा सगळ्यांना. आणि आम्हा वर्गीकरण करणाऱ्यांची त्यात फसगत होते.

तुम्ही ऐकून घेतलंत. तुमचे वडील फौजेत होते, दोघं भाऊ फौजेत होते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे वर्दी एकच, पण पलटणी निराळ्या."

पुढे कितीतरी वर्षं मी हे वाक्य वर्गात वापरलं. तुमचं म्हणून कधी सांगितलं नाही.

कोयनेकडच्या रानात आपण गेलो तो दिवस आठवतो? मला दहा पावलांवर पानावर बसलेला लाल भुंगेरा दिसला. हिरव्यागार पानावर. मी बोट दाखवलं. तुम्ही बघत राहिलात, डोळे बारीक केलेत, तरी तुम्हाला दिसेना. मी "अहो तो काय, समोर!" म्हणून हसले. भुंगेरा चालायला लागला तेव्हा तुम्हाला दिसला. घाटातल्या टपरीवर चहा घेताना, कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता सांगितलंत. भरतीच्या वेळी मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात. सगळ्यांना त्यात आकडा दिसला, तुम्हाला नुसते ठिपके दिसले. गडद लाल तुम्हाला काळपटच दिसतो. घरात तीन फौजी आणि तुम्ही रंगांनी नापास. वडील त्यानंतर वर्षभर तुमच्याशी धड बोलले नाहीत.

"आणि मग ड्रॉइंग मास्तर कसे झालात?" मी विचारलं.

"आकार येतो की मला. रंगाच्या ट्यूबवर नाव असतंय. घरातल्या रंगाच्या वड्या वत्सला लावून देते, एक नंबर, दोन नंबर. चाळीस पोरं हाताखालनं गेली इंटरमिजिएटला, कुणाचा रंग चुकला न्हाई." मग थांबून म्हणालात, "शाळंत ठाऊक न्हाई कुणाला. तुमी बोलू नका कुठं."

मी शब्द दिला. टपरीच्या बाकावर, हातात चहा घेऊन, अगदी सहज दिला. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या कडेला मी पेन्सिलीने लिहून द्यायची, इथे लाल, इथे काळा, आणि तुम्ही नंबर बघून रंग भरायचात. एकही चुकला नाही.

माझ्या प्रबंधाचा जीव दोन नव्या जातींत होता. एक लाल आणि मोठी, त्या लाल पेटीत उरलेली. दुसरी लहान, काळपट तपकिरी, तिची पेटी वेगळी. दोन्ही एकाच रानातल्या, एकाच प्रकारच्या कुजक्या ओंडक्यांवर मिळालेल्या. लालच्या मिशा करवतीसारख्या, काळ्याच्या फणीसारख्या. रंग वेगळा, आकार वेगळा, मिशा वेगळ्या. आणखी काय हवं? दोन जाती. माझ्या मार्गदर्शकांनाही पटलं होतं. काळ्या जातीला मी त्यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

तुम्ही दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी काढल्यात. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंत, "नवरा-बायको?" मी हसून ते खोडरबराने पुसलं. तुम्ही हसला नाहीत.

"मॅडम, तिसरी शीर दोगांचीबी अर्ध्यातच संपते. आडव्या जाळीची घरंबी तेवढीच. मी मोजली. आणि लाल पेटीत एकबी नर न्हाई. काळ्या पेटीत एकबी मादी न्हाई. मग हे संसार कुणासंगं करतात?"

मी म्हटलं, नमुने कमी आहेत, पुढच्या हंगामात मिळतील. तुम्ही म्हणालात, मग फुडच्या हंगामात छापा. मी म्हटलं, सर, तुम्ही चित्रं काढा. हे मी चिडून म्हटलं नव्हतं, लाडाने म्हटल्यासारखं म्हटलं होतं. आता आठवलं की तेच जास्त लागतं.

पुढचा हंगाम येण्याआधीच प्रबंध द्यायचा होता. त्याआधी कॉलेजात माझं सादरीकरण झालं. तुमची चित्रं भिंतीवर लावली होती, म्हणून तुम्हालाही बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. मार्गदर्शक होते, विभागाचे लोक होते, बाहेरचे एक परीक्षक होते. कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर तुम्ही उभे राहिलात. आणि तुमच्या शाळेतल्या भाषेत, अगदी नीट, तोच प्रश्न विचारलात. लाल पेटीत एकही नर नाही, काळ्या पेटीत एकही मादी नाही, याचं कारण काय?

परीक्षकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मार्गदर्शक म्हणाले, "हं, द्या उत्तर."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नसल्याचं मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते. मला सुचलं ते मी बोलले. म्हणाले, "निकम सरांना लाल रंग दिसत नाही. ते रंगांधळे आहेत. त्यामुळे या दोन्ही जाती त्यांना सारख्याच वाटणं साहजिक आहे."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रंगांधळे ड्रॉइंग मास्तर?" आणि सगळे हसले. परीक्षकही हसले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला. प्रश्न संपला.

तुम्ही खाली बसलात. मध्येच उठून गेला नाहीत. शेवटपर्यंत बसलात, टाळ्या वाजवल्यात, भिंतीवरची चित्रं एकेक करून उतरवलीत, चुरगळू नयेत म्हणून मध्ये पातळ कागद घातलेत आणि माझ्या टेबलावर ठेवलीत. "येतो मॅडम," म्हणालात.

त्या सभागृहात तुमच्या शाळेच्या संचालक मंडळातल्या एकांचे जावई बसले होते. मला ते माहीत नव्हतं, पण माहीत असतं तर मी गप्प बसले असते का, याचीही खात्री नाही. महिन्याभरात तुमचे रंगकामाचे तास काढून घेतले. शेवटची चार वर्षं तुम्ही हजेरीपत्रकं भरलीत, कार्यानुभवाचे तास घेतलेत आणि स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावून घेतल्यात. मला हे पुढे सुहासने सांगितलं. माझी उरलेली अकरा चित्रं तुम्ही त्याच्याच हाती पाठवलीत. सोबत चिठ्ठी नव्हती. सगळ्या शिरा, सगळी घरं मोजून काढलेली होती. रंग भरलेला नव्हता. रंग तुम्ही भरा, एवढा निरोप होता.

मला पदवी मिळाली. दोन्ही जाती छापून आल्या. सांगलीत नोकरी लागली, घर झालं. तुम्हाला दोनदा दिवाळीचं कार्ड पाठवलं, त्यात माफी मागितली नाही. कार्डावर काय मागायची, प्रत्यक्ष भेटून मागू, असं म्हणत राहिले. भेटायचं ठरवलं की तुमचा तो इस्त्रीचा शर्ट आठवायचा आणि मी दुसरं काम काढायची.

मग गेल्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने पाटणच्या रानातून मला मोबाइलवर फोटो पाठवला. ओंडक्यावर एक मोठी लाल मादी होती आणि तिच्या पाठीवर लहान काळा नर. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, दोन वेगळ्या जातींचं मीलन?" मी फोटो मोठा केला. तिसरी शीर दोघांचीही अर्ध्यातच संपत होती.

त्या मुलीने पाच जोड्या आणल्या. डीएनए तपासून घेतला. जात एकच निघाली. कारणही समजलं. त्या रानात मोठे कडू भुंगेरे लाल आहेत आणि लहान कडू भुंगेरे काळे. मादी मोठी, म्हणून ती मोठ्यांच्या लाल वर्दीत. नर लहान, म्हणून तो लहानांच्या काळ्या वर्दीत. नवरा एका पलटणीच्या वेषात, बायको दुसरीच्या. तुम्हाला हे किती आवडलं असतं. तुम्ही मांडीवर थाप मारून "लय भारी!" म्हणाला असतात.

सोळा महिने मला हे माहीत होतं, सर. तुम्ही कुपवाडला होतात, सुहासचा नंबर माझ्याकडे होता. मी मार्गदर्शकांना फोन केला. काळी जात रद्द होणार म्हणजे त्यांचं नाव रद्द होणार. ते म्हणाले, "एवढी घाई काय आहे? अजून नमुने जमव." आणि मी जमवत राहिले. तुम्ही दोन पेट्यांतून जे सांगितलं होतं त्यासाठी मला अजून किती नमुने हवे होते? मी स्वतःला सांगत होते की दुरुस्तीचा लेख छापून आला की तो घेऊनच जाईन, रिकाम्या हाताने कसं जायचं. खरं तर मला तुमच्यासमोर हातात काहीतरी धरायला हवं होतं, म्हणजे तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

मग एका सोमवारी सकाळी अंघोळ करून तुम्ही पेपर वाचायला बसलात आणि तिथेच गेलात. त्रास झाला नाही, असं सुहास म्हणाला.

पाच दिवसांनी तुमच्या घरी बसून मी काकूंना सांगितलं. फोटो दाखवला. म्हटलं, "काकू, सर बरोबर होते. मी चुकले होते. आणि सभेत मी जे बोलले..."

काकूंनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून बघितला. "ते बरोबर हुते हे त्यास्नी ठाऊक हुतं की," म्हणाल्या. "तुमाला कवा कळतंय, एवढंच बघायचं हुतं. तुमी सांगलीला आल्याचं कळलं तवापास्नं म्हणायचे, मॅडम येतील. आता शिकल्या असतील, येतील."

त्या रागावल्या नव्हत्या. पदर डोळ्याला लावला आणि मोबाइल मला परत दिला.

मी सावरून घ्यायला म्हणून सुहासला म्हणाले, "गंमत बघ, सरांना लाल रंग दिसत नव्हता, म्हणूनच त्यांना खरं दिसलं." हे वाक्य मी सोळा महिन्यांत बऱ्याच जणांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्यांना ते आवडायचं. सुहास तिथल्याच एका कारखान्यात तयार भाग मोजून पास-नापास करतो.

"मॅडम, तसं नका म्हणू," तो म्हणाला. "रंग न दिसणारे लय हायत. त्यांना कुणाला कळलं? बाबांनी एकेक घर मोजलं, म्हणून कळलं. तुम्ही तेव्हाबी त्यांच्या डोळ्याचंच बोललात, आत्ताबी डोळ्याचंच बोलताय."

त्याचं खरं होतं, सर. एकदा तुमचं म्हणणं खोटं पाडायला तुमचं व्यंग वापरलं. दुसऱ्यांदा तुमचं कौतुक करायला तेच वापरत होते. तुमचं कसब, तुमची शिस्त, दोन दोन शनिवार पेन्सिल न उचलता बसणं, हे दोन्ही वेळा मी बाजूलाच ठेवलं.

आपला एक वाद तसाच राहिला. तुम्ही म्हणायचात, ओळख पटवायच्या तक्त्यात रंग शेवटी ठेवा. मी म्हणायची, विद्यार्थ्याला रंग आधी दिसतो, तर आधी रंगच विचारायला हवा. अजूनही मला माझं थोडं बरोबर वाटतं. रानात उभं राहिल्यावर डोळ्याला लालच आधी दिसतो. पण आधी जे दिसलं त्यालाच मी शेवटचं मानलं, हे तुम्ही ओळखलं होतंत. आणखी चार शनिवार मिळाले असते तर आपण भांडून काहीतरी मधलं काढलं असतं.

त्या भेटीनंतर दोन-तीन महिन्यांत मी लेख पुरा केला. मार्गदर्शकांना विचारलं नाही, फक्त कळवलं. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. लेखकांत सगळ्यांत आधी तुमचं नाव आहे, मग त्या मुलीचं, शेवटी माझं. पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं की या दोन जाती एकच आहेत हे निकम सरांनी त्या वेळीच जाहीर सभेत दाखवून दिलं होतं, आणि मी त्यांची खासगी गोष्ट उघड करून तो प्रश्न टाळला. संपादकांनी कळवलं की वाक्याचा दुसरा भाग शास्त्रीय लेखात बसत नाही, काढावा. मी कळवलं, काढला तर लेख परत घेते. त्यांनी ठेवला. यात माझी बढाई नाही, सर. ज्यांनी तुमचे तास काढून घेतले ते हा लेख वाचणार नाहीत. हसलेल्यांपैकीही कुणी वाचणार नाही. तुमच्या त्या चार वर्षांना याने काही होत नाही.

लेख छापायला जाण्याआधी एकच रकाना भरायचा राहिला होता. प्रत्येक लेखकाच्या नावाखाली संस्थेचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. काल पुन्हा कुपवाडला गेले आणि काकूंना विचारलं, सरांच्या नावाखाली काय लिहू? शाळेचं नाव देऊ?

काकू दारातल्या शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. हात थांबले.

"शाळंचं नगं," म्हणाल्या. "घरचाच पत्ता घाला. आणि नावाफुडं ड्रॉइंग मास्तर लिवा. चालतंय न्हवं तसं?"

चालतं, काकू, म्हटलं. तसंच लिहिलं आहे, सर.